एका मीटरची सूट

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही 'एक्सेप्शन' हा शब्द दोन अर्थांनी माहीत असतो. एक कोडमधला, जो 'ट्राय-कॅच' लिहून पकडता येतो. दुसरा मोठ्या कंपन्यांतला, जो कशानेच पकडता येत नाही. कंपनीनं ठरवलेलं असतं की सगळ्या विभागांनी एकच डेटाबेस वापरायचा, सिस्टिम्स एकाच पद्धतीनं एकमेकींना जोडायच्या. मग एखादा विभाग येतो आणि म्हणतो, "आमचं काम छोटं आहे, बजेट कमी आहे, डेडलाइन डोक्यावर आहे. आम्हाला फक्त एवढ्यापुरती सूट द्या." आर्किटेक्चर बोर्डाच्या मीटिंगमधे अर्धा तास चर्चा होते, सूट मिळते, मिनिट्समधे 'तात्पुरती' असा शब्द पडतो. आणि दहा वर्षांनी बघावं तर त्या तात्पुरत्या सिस्टिमच्या खांद्यावर आणखी बारा सिस्टिम्स बसलेल्या असतात!

या सगळ्याला एंटरप्राइझ आर्किटेक्चर असं भारदस्त नाव आहे. जॉन झॅकमनचा प्रसिद्ध लेख १९८७ चा, टोगॅफची पहिली आवृत्ती १९९५ ची. म्हणजे विषय तसा तरुणच. पण त्यातला मुख्य प्रश्न, म्हणजे बदल कुणी मंजूर करायचा आणि अपवादाचं पुढे काय होतं हा, कंप्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. आणि तो सगळ्यात ठसठशीतपणे कुठे बघायला मिळतो माहितीये? आपल्या रेल्वेत.

गोष्ट गेजची आहे. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. बस, एवढंच. पण या एका आकड्यावर चाकं, डबे, इंजिनं, स्लीपर, पूल, सगळं ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा सगळ्यात खालच्या थरातला इंटरफेस. एका गेजची गाडी दुसऱ्या गेजवर जाऊच शकत नाही. तिथे 'थोडंसं ॲडजस्ट' हा प्रकार नाही.

हे इंग्रजांना आपल्याकडे रेल्वे आणायच्या आधीच नीट कळलेलं होतं. इंग्लंडमधे ब्रुनेलनं ग्रेट वेस्टर्न रेल्वे सात फुटी गेजवर बांधली होती आणि बाकी बहुतेकांची गेज होती ४ फूट साडेआठ इंच. दोन्ही जिथे भेटायच्या त्या ग्लॉस्टर स्टेशनवर माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा जो गोंधळ चाले, तो सगळ्या देशात गाजला. शेवटी १८४६ मधे संसदेनं गेजचा कायदा केला. हा वाद पेटलेला असताना व्यापार खात्याच्या बोर्डावर एक तरुण उमराव होता, तोच पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. लॉर्ड डलहौसी.

आपल्याला डलहौसी आठवतो तो संस्थानं खालसा करणारा म्हणून. (सातारकर आणि नागपूरकर तर विसरूच शकत नाहीत.) पण रेल्वेच्या बाबतीत त्यानं एक फार मोलाची गोष्ट केली. पहिला रूळ पडायच्या आधीच त्यानं आग्रह धरला की साऱ्या देशात गेज एकच हवी. किती, यावर मतभेद होते. कंपनीच्या संचालकांचा कल इंग्लंडच्या गेजकडे होता, डलहौसीला सहा फूट हवे होते. तडजोड झाली ५ फूट ६ इंचांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच गेजवरून धावली आणि आजची लोकलही याच गेजवरून धावते. स्टँडर्ड ठरवावं तर असं.

मग माशी शिंकली कुठे?

पैशात. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्या खाजगी होत्या आणि सरकारनं त्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. नफा झाला तर कंपनीचा, कमी पडलं तर सरकार भरणार. अशा वेळी कोण काटकसर करेल? बांधकामाचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीपुढे गेला. १८६९ मधे लॉर्ड मेयो व्हाइसरॉय म्हणून आला तेव्हा तिजोरी कोरडी होती. आता सरकारनं स्वतःच रेल्वे बांधायची असं ठरलं, पण राजपुतान्यासारख्या कमी वाहतुकीच्या प्रदेशात महागडी ब्रॉडगेज कशाला? लहान गेज म्हणजे लहान स्लीपर, हलके रूळ, अरुंद पूल, तीव्र वळणं. एकूण स्वस्त काम.

समिती बसली. (समित्या तेव्हाही बसायच्या!) काहींचं मत २ फूट ९ इंच, कुणाचं ३ फूट ६ इंच. मेयोनं मधला मार्ग काढला. त्याच सुमारास हिंदुस्थानात दशमान वजनमापं आणायची त्याची तयारी चालू होती, म्हणून गेज ठरली बरोबर एक मीटर. इथे गंमत अशी की वजनमापांचा कायदा १८७१ मधे झाला खरा, पण तो कागदावरच राहिला. प्रत्यक्षात दशमान वजनमापांचा कायदा यायला स्वतंत्र भारतात १९५६ साल उजाडलं. म्हणजे ज्या प्लॅटफॉर्मवर सगळे जाणार म्हणून मेयोनं आधीच इंटरफेस बदलून ठेवला, तो प्लॅटफॉर्म ८५ वर्षं आलाच नाही. रूळ मात्र राहिले.

मेयोला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्याचं गणित त्याच्यापुरतं अचूक होतं. त्याच पैशात मीटरगेज जास्त मैल जात होती आणि मीटरगेज नसती तर कित्येक गावांना पुढची पन्नास वर्षं रेल्वेच दिसली नसती. शिवाय मूळ कल्पना अशी की हे मार्ग मुख्य जाळ्याला पूरक, कमी महत्त्वाचे राहतील.

पण पूरक गोष्टी पूरक राहत नाहीत. १८७३ मधे दिल्लीहून रेवाडीपर्यंत मीटरगेज गाडी गेली. १८८० च्या सुमारास तीच मीटरगेज थेट अहमदाबादपर्यंत पोचलेली होती. फाटे एकमेकांना भेटत गेले आणि बघता बघता मुख्य जाळ्याशेजारी दुसरं मुख्य जाळं तयार झालं. दक्षिणेत तर अजून मजा. तिथे नागपट्टणमकडचा आधी बांधलेला ब्रॉडगेज मार्ग १८७० च्या दशकात उखडून मीटरगेज करण्यात आला! कारण आजूबाजूला सगळं मीटरगेजच होतं. अपवादानं नियमालाच गिळलं. मग डोंगरांसाठी आणि छोट्या कंपन्यांसाठी नॅरोगेज आल्या, त्याही अडीच फुटी आणि दोन फुटी अशा दोन जातींच्या. एकदा दार उघडलं की रांग लागतेच.

याची किंमत कोण देत होतं? रूळ टाकणारा नव्हे. किंमत देत होता जंक्शनवरचा हमाल, ज्याला प्रत्येक पोतं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायचं होतं. व्यापारी, ज्याचा माल वाटेत पडून राहायचा. आणि मध्यरात्री पोरं आणि बोचकी घेऊन फलाट बदलणारे प्रवासी. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण म्हणजे मिरज. पुण्याहून मिरजेकडे जाणारी लाइन मूळची मीटरगेज, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे. १९७० च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, पुण्यातली बदलाबदली संपली... आणि ती मिरजेत आली. मुंबईहून गोव्याला जाणारे आता मिरजेला उतरून वास्कोची मीटरगेज पकडू लागले. त्यात लातूरकडून पंढरपूरमार्गे येणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेजही तिथेच. एका स्टेशनात तीन गेज! तुकड्यातुकड्यानं मायग्रेशन करताना जोड नाहीसा होत नाही, फक्त पुढच्या स्टेशनवर सरकतो, हे मिरजेइतकं स्पष्ट कुठलंच पुस्तक सांगत नाही.

पण खरं मोठं बिल आलं दुसऱ्या महायुद्धात. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या आणि आसामची कधीकाळी चहा वाहणारी मीटरगेज एकदम आघाडीची जीवनवाहिनी झाली. कलकत्त्याहून आलेला माल पार्वतीपूरला (आता बांगलादेशात) ब्रॉडगेजमधून उतरवून मीटरगेजमधे चढवायचा, पुढे ब्रह्मपुत्रा फेरीनं पार करायची. कोंडी इतकी झाली की १९४४ मधे अमेरिकन सैन्याच्या रेल्वे तुकड्यांनी त्या मार्गाच्या मोठ्या भागाचा ताबा घेतला. १८७० मधे काटकसरीसाठी दिलेल्या सुटीचं बिल चौऱ्याहत्तर वर्षांनी सैनिकांच्या रसदीतून वसूल होत होतं.

आणि तरीही, फाळणीनं आसामचा रेल्वेसंबंध तुटल्यावर स्वतंत्र भारतानं १९४८ ते ५० मधे जो आसाम लिंक मार्ग विक्रमी वेगात बांधला, तो मीटरगेजच होता. कारण? दोन्ही टोकांना मीटरगेज होती आणि वेळ नव्हता. ओळखीचं वाटतंय ना? सूट मागणाऱ्याचं कारण नेहमी खरंच असतं. हीच तर अडचण आहे.

मग बदलून का टाकलं नाही एकदाच? अमेरिकेनं टाकलं होतं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पाच फुटी गेज होती. १८८६ मधे सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून तारीख ठरवली आणि ३१ मे व १ जून या दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैलांचे रूळ बदलले. आतल्या बाजूचे नवे खिळे महिनाभर आधीच ठोकून ठेवलेले, जुने शक्य तितके काढलेले. त्या दिवशी एक रूळ फक्त तीन इंच आत सरकवायचा. वीकेंडचं प्रोडक्शन डिप्लॉयमेंट म्हणावं तर हे!

पण तीन इंच आणि ६७६ मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीन इंचांसाठी तेच स्लीपर, तेच पूल चालतात. मीटरगेजची ब्रॉडगेज करायची तर स्लीपर, पूल, वळणं, फलाट, डबे, इंजिनं, सगळंच नवं. म्हणजे परत फिरण्याचा खर्च हा परत फिरताना ठरत नाही. तो सूट देताना, स्टँडर्डपासून किती लांब जायचं हे ठरवतानाच ठरून जातो. मेयोच्या समितीनं जायचा खर्च मोजला. यायचा मोजला नाही.

शेवटी १ एप्रिल १९९२ ला प्रोजेक्ट युनिगेज सुरू झाला. तेव्हा देशात ब्रॉडगेज होती सुमारे ३५ हजार किलोमीटर आणि मीटरगेज २३ हजारांहून जास्त. म्हणजे 'अपवाद' मूळ नियमाच्या दोन तृतीयांश झालेला! मिरजेहून बंगलोर आणि गोव्याकडचे मार्ग १९९० च्या दशकात बदलले, पंढरपूर-मिरज नॅरोगेज बदलायला २०१० उजाडलं, आणि मधल्या काळात ती गाडी बंदच होती. बदलाची किंमतही पुन्हा प्रवाशांनीच दिली. काही लाइन्स मात्र मुद्दाम ठेवल्या. नेरळ-माथेरान, दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला. हेही एक्सेप्शनच, पण कारण लिहून, हद्द आखून दिलेलं.

टोगॅफमधे अशा सुटीला 'डिस्पेन्सेशन' म्हणतात आणि तिला मुदत असली पाहिजे असं सांगितलेलं आहे. पहिल्यांदा वाचताना हा कागदी घोडा वाटतो. मेयोची गोष्ट माहीत असली की वाटत नाही. गव्हर्नन्स म्हणजे सगळ्यांना 'नाही' म्हणणं नव्हे. तसं केलं असतं तर राजपुताना रेल्वेविना राहिला असता. सूट देणाऱ्यानं विचारायचं ते एवढंच: ही संपणार कधी, परत येण्याचा खर्च किती, आणि तो आज या खोलीत नसलेल्या कुणाच्या डोक्यावर पडणार आहे?

आता जाता जाता एक कोडं. दिल्ली मेट्रो २००२ मधे सुरू झाली ती रेल्वेच्या आग्रहामुळे ब्रॉडगेजवर. नंतर मात्र मेट्रोला वेगळी वाट मिळाली आणि मुंबई (२०१४) व पुणे (२०२२) मेट्रो धावतात इंग्लंडच्या त्या जुन्या ४ फूट साडेआठ इंचांवर. परत नवी गेज? समर्थन असं की मेट्रोचा डबा कधी रेल्वेच्या रुळांवर जाणारच नाही, प्रवासी फक्त जिना चढून फलाट बदलणार. जोड माणसांचा आहे, मालाचा नाही, म्हणून चालेल. मला हे पटतं. फक्त एवढंच की मीटरगेजचे मार्गही असेच बाजूबाजूला राहतील, असं १८७० मधे हुशार माणसांनाच वाटलं होतं.

असो. सोमवारी मीटिंग आहे. अजेंड्यावर एक छोटंसं, अगदी तात्पुरतं एक्सेप्शन आहे म्हणे.