आग-इशारा कळपेटी (मॅन्युअल कॉल पॉइंट)

आग दिसताच माणसाने स्वहस्ते इशारा देण्यासाठी इमारतीत बसवलेली लाल पेटी. ती जिन्याजवळ व बाहेर पडण्याच्या दारांशी, जमिनीपासून सुमारे 1.4 मीटर उंचीवर असते. पुढची काच आतला स्प्रिंगचा खटका दाबून धरते. काच फुटली की खटका सुटतो. साध्या यंत्रणेत त्यामुळे तारेतील प्रवाह वाढतो व नियंत्रण फलकावर फक्त विभाग कळतो. पत्ताधारी यंत्रणेत नेमकी पेटी कळते. दरवेळी काच फोडायला नको म्हणून चाचणीची किल्ली असते. ही पेटी पाणी मारत नाही, आणि बहुतेक ठिकाणी अग्निशमन दलालाही आपोआप कळवत नाही; तो दूरध्वनी वेगळाच करावा लागतो.

भंडारा जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षात आग लागून 10 बालके दगावली. धूर प्रथम परिचारिकेने पाहिला. धूरशोधकाच्या जोडीला कळपेटी लागते ती अशाच जागत्या माणसासाठी.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा चालू ठेवणे मालक वा भोगवटादाराचे काम आहे. उंद्रीसारख्या (जि. बुलढाणा) गावात घरांपेक्षा शाळा, दवाखाना, गोदाम येथे कळपेटीचा उपयोग अधिक. पेटीसमोर कपाट किंवा पोती मात्र ठेवू नयेत.