अंतर भागिले वेळ

अहमदाबाद–चेन्नई नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबारला थांबते. तिच्या नावाला ‘सुपरफास्ट’ जोडलेलं असतं आणि तिकिटात त्याचा वेगळा अधिभार असतो. आता सुपरफास्ट म्हणजे नेमकं काय? गाडी मध्ये कुठे ताशी शंभराने धावली का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ब्रॉडगेजवरच्या गाडीचा निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा सरासरी वेग जाता-येता दोन्हीकडे ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त भरला की ती सुपरफास्ट, असा रेल्वेचा नियम आहे. वाटेतले सगळे थांबे त्यात धरलेले. म्हणजे प्रवासी जादा पैसे मोजतो ते एका भागाकाराचे!

अंतर भागिले वेळ. शाळकरी पोरांना तोंडपाठ असलेलं हे सूत्र इतकं बाळबोध वाटतं, की त्याला काही कुळी असेल असं मनातही येत नाही. पण आहे, आणि त्याचा मूळपुरुष रस्त्यावर नव्हे, आकाशात सापडतो.

चंद्र रोज किती सरकतो, हा जुन्या ज्योतिष्यांचा रोजचा प्रश्न. तिथी त्यावरच ठरायची. एका दिवसाच्या निरीक्षणावर भागत नव्हतं, कारण चंद्र कधी दिवसाला १२ अंशांच्याही खाली रेंगाळतो, तर कधी १५ अंशांच्या वर पळतो. मग तोडगा असा निघाला की काळ जेवढा लांब घेता येईल तेवढा घ्यायचा. इसवी सन ४९९च्या सुमाराला आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांचं महायुग धरलं. त्यात चंद्राच्या प्रदक्षिणा ५,७७,५३,३३६ आणि दिवस १,५७,७९,१७,५००. प्रदक्षिणांचे अंश करा, दिवसांनी भागा : रोज १३ अंश १० कला ३५ विकला. हिला नाव मिळालं मध्यम गती. एकूण चाल भागिले एकूण दिवस, दुसरं काही नाही. पुढचं काम त्रैराशिकाचं. ठरावीक दिवसापासून किती दिवस लोटले, तो अहर्गण काढायचा आणि मध्यम गतीने गुणायचा, की चंद्र सरासरीने कुठे असायला हवा ते कळतं.

सरासरीने असायला हवा, प्रत्यक्षात तिथे नसतो. या फरकाचा ज्यांनी कसून विचार केला, त्यांचा धागा खानदेशापर्यंत येतो. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजाने त्याला देणगी दिली, असं तो सांगतो. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं येणं मठाला दिल्याची नोंद त्यांत आहे. गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजाराच्या करातून चालावा, हे मला त्या लेखातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. भास्कराचार्यांच्या जन्मगावावरून विद्वानांनी खुशाल भांडावं, नातवाच्या मठाला मात्र दगडाचा पुरावा आहे.

भास्कराचार्यांनी ११५०मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यात त्यांनी बजावलं की चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी. म्हणून तिथी संपायची वेळ जवळ आली असेल, तर दिवसभराची गती वापरू नका, त्या क्षणाची वापरा. तिला त्यांनी ‘तात्कालिकी गती’ म्हटलं. आज गाडीतला काटा दाखवतो ती हीच. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली : ग्रहाचं खरं स्थान आणि मध्यम स्थान यांत जिथे सर्वांत जास्त अंतर पडतं, तिथेच त्याची खरी गती मध्यम गतीइतकी होते. त्यांच्या आधीचा ज्योतिषी लल्ल याचं याबाबतचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं.

युरोपात हा भागाकार उशिरा रुळला. ग्रीकांच्या परंपरेत गुणोत्तर सजातीय राशींचंच : लांबीचं लांबीशी, वेळेचं वेळेशी. मैलांना तासांनी भागणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी सारख्या दराने वाढणाऱ्या वेगाची सरासरी काढली खरी. पण १६३८ साली गॅलिलिओसुद्धा आपलं गतिशास्त्र गुणोत्तरांच्याच भाषेत मांडत होता.

आणि आपल्या रस्त्यांवर? तिथे हे सूत्र उतरलंच नाही, कारण कुणाला त्याची गरज नव्हती. सुरत–बऱ्हाणपूर हा मोगली व्यापाराचा राजरस्ता नंदुरबारवरून जायचा. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१०मध्ये याच वाटेने गेला. त्याने मुक्कामामुक्कामाचे कोस टिपून ठेवले. पण कोस तरी कुठे सगळीकडे सारखा? मुलूख बदलला की कोस बदलायचा. खरं माप होतं मजल : एका दिवसात तांडा जेवढा जाईल तेवढी वाट. अंतर आणि वेळ एकाच शब्दात बांधलेले असले, की भागायचं कशाला?

ही गाठ रेल्वेने सोडवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर पहिल्या गाडीने ५७ मिनिटांत कापले. म्हणजे ताशी जेमतेम ३६. विसावं शतक उजाडता उजाडता ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबारला आली आणि घड्याळ, मैलाचा दगड, वेळापत्रक हे तिन्ही एकदम गावात शिरले. हा मार्ग नंतर शंभरावर वर्षं एकेरीच होता. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. इंजिनाचा दम तोच, पण भागाकार घसरायचा. २०१८मध्ये उधना–जळगाव दुहेरीकरण पूर्ण झालं.

सूत्र पाठ असूनही फसायला होतं ते घाटात. तळोद्याहून धडगावला एसटीने जाताना चांदसैलीचा घाट लागतो. आकडे सोयीचे धरू : चढणीचे २० किलोमीटर ताशी २०ने, पुढचे २० ताशी ४०ने. सरासरी किती? बहुतेक जण ३० म्हणून मोकळे होतात. चढणीला ६० मिनिटं लागली, पुढे ३०. दीड तासात ४० किलोमीटर, म्हणजे ताशी २६.६७. हळू चालीत वेळ जास्त गेला, म्हणून तिचं वजन जास्त. वेगांची बेरीज करून दोनाने भागणं इथे चालत नाही. आणि ड्रायव्हरने घाटमाथ्यावर ठरवलं, की आता सरासरी ४०वर नेतोच, तर? ४० किलोमीटरला तासच मिळतो आणि तो चढणीतच संपलेला. पुढे विमान केलं तरी जमणार नाही.

आता या एसटीशेजारी दुसरी एक मनातली एसटी सोडा, सारख्या २६.६७ने जाणारी. खरी एसटी हळूहळू मागे पडत जाते आणि घाटमाथ्यावर सर्वांत जास्त मागे असते, पावणेसात किलोमीटरच्या आसपास. नेमकी तिथेच तिचा काटा २०वरून ४०कडे जाताना २६.६७ ओलांडतो. भास्कराचार्यांनी चंद्राबद्दल सांगितलं ते हेच.

शिक्षकांना एक विनंती. पुस्तकातल्या ‘अ’ गाव ते ‘ब’ गाव या बिननावाच्या प्रवासाऐवजी एकदा तळोदा–धडगावचं गणित फळ्यावर घ्या. आकडे मुलांकडूनच मागवा : एसटी सुटली किती वाजता, पोहोचली किती वाजता, वाटेत किती वेळ थांबली. उत्तर काढून झालं की पाटणच्या मठाचं नाव सांगा. तो आपल्याच खानदेशात होता, हे त्यांना माहीत असायला हवं.