यंत्राने दिलेले आयुष्य

कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली मूत्रपिंडे अहोरात्र रक्त गाळीत असतात. त्यांचे कार्य थांबले की रक्तात विषारी द्रव्ये साचतात आणि मृत्यू ओढवतो. लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये या विकाराचे नेमके वर्णन केले. परंतु वर्णन म्हणजे उपचार नव्हे. पुढे शंभराहून अधिक वर्षे वैद्याच्या हाती पथ्य आणि सांत्वन यांपलीकडे फारसे काही नव्हते.

हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, कांपेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ते शुद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. आरंभी अपयशच पदरी आले. १९४५ मध्ये मात्र मूर्च्छित पडलेली एक वृद्धा या उपचाराने शुद्धीवर आली. तथापि दर खेपेस नवी रक्तवाहिनी छेदावी लागत असल्याने जुनाट विकाराच्या रोग्यास या यंत्राचा उपयोग नव्हता. ही अडचण अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये दूर केली. हाताची रोहिणी आणि नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी त्यांनी कायमची बसविली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला.

आयुष्य मिळू लागले, पण ते थोड्यांनाच. यंत्रे मोजकी, रुग्ण पुष्कळ. म्हणून सिअ‍ॅटलमध्ये सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. रुग्णाची मुलेबाळे, मिळकत, समाजातील वर्तन हे सारे पाहून ती निवड करी. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ही हकीकत प्रसिद्ध करताच देशभर चर्चा झाली. १९७२ च्या कायद्याने बहुतेक सर्व अमेरिकन रुग्णांचा खर्च शासनाने पत्करला आणि निवडीचा तो प्रश्न तेथे मिटला.

मात्र दुसरा प्रश्न उरलाच होता. वाचलेला मनुष्य कसा जगत होता? आठवड्यातील ठरलेले दिवस यंत्रापाशी जात. पाणी मोजून प्यावयाचे, मीठ वर्ज्य, अंगी त्राण नाही, नोकरी सुटलेली, आणि कालचा कर्ता पुरुष घरात परावलंबी! १९७१ मध्ये हॅरी अ‍ॅब्रम आणि त्यांचे सहकारी यांनी, असे कित्येक रुग्ण पथ्य मोडून वा उपचार सोडून जीवनाकडेच पाठ फिरवितात, ही गोष्ट वैद्यकापुढे मांडली. हा विषाद ओळखणेही सोपे नसते. थकवा, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकाराची, तशीच खिन्न मनाचीही. त्यामुळे सारा दोष शरीराच्या माथी जातो आणि मनाची विचारपूस राहून जाते.

पुढे काही भार हलका झाला. रक्तक्षयावरील एरिथ्रोपोएटिन हे औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि रुग्णांना थोडी उभारी आली. १९९४ मध्ये या रुग्णांची झोप, काम, कौटुंबिक जीवन यांविषयी त्यांनाच विचारणारी प्रश्नावली तयार झाली. रक्ताच्या तपासणीबरोबर रुग्णाच्या शब्दालाही प्रमाण मानण्याची ही रीत होती.

भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास ती विनामूल्य मिळते. सिअ‍ॅटलचा अनुभव येथेही उपयोगी पडावा. यंत्र रक्त शुद्ध करील. परंतु त्या चार तासांत रोग्याशी दोन शब्द बोलणे, त्याच्या मनाची स्थिती जाणून घेणे आणि त्याला झेपेल असे काम पुन्हा मिळवून देणे, हे माणसांनीच करावयाचे आहे.