लज्जत, कर्ब आणि मफ़रूज़ा

माझी एक जुनी विद्यार्थिनी बीएच्या मानसशास्त्राची वही घेऊन घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, आता वर्गात मराठी, आणि संशोधन पद्धतीचं पुस्तक इंग्रजी. म्हणाली, "आपा, हायपोथिसिस म्हणजे मफ़रूज़ाच ना? मग सर ते चूकही निघू शकतं असं का म्हणतात?"

मराठी वहीत तिने त्यालाच 'गृहीतक' लिहिलं होतं. मफ़रूज़ा म्हणजे मानून घेतलेलं, गृहीतक म्हणजे धरून चाललेलं. दोन्ही शब्द ऐकून वाटतं की गोष्ट ठरलेलीच आहे. मग तपासायचं काय? तिच्या प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न 'हो' हेच उत्तर मागत होता. खरं सांगायचं तर बीएडच्या कृतिसंशोधनात मीही तेच केलं होतं. सुंदर बाइंडिंग करून दिलं, मार्कही मिळाले!

तिला चहा देताना मला 1913 सालचा एक वाद आठवला. अब्दुल माजिद दरियाबादी हे लखनौचे एकवीस वर्षांचे पदवीधर उर्दूत मानसशास्त्र लिहू पाहत होते. सुख आणि वेदना या जोडीसाठी त्यांनी 'हज़्ज़ व कर्ब' हे शब्द घेतले. (या हज़्ज़चा हजयात्रेशी संबंध नाही, आणि कर्ब म्हणजे आपल्या शेतातला सेंद्रिय कर्बही नव्हे.) कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढणारे मौलाना अबुल कलाम आझाद यांना हे पटलं नाही. अरबीत हज़्ज़ म्हणजे वाटा, नशीब. म्हणून 'लज़्ज़त व अलम' म्हणा, असं त्यांचं म्हणणं. दरियाबादींचं उत्तर साधं होतं: अरबीत काहीही असो, उर्दू बोलणारा हज़्ज़ म्हणजे आनंदच समजतो. वाद चांगलाच पेटला. मला वाटतं, या मुद्द्यावर त्या तरुणाचंच बरोबर होतं. शब्द कुठून आला यापेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटतं हे शिक्षकाला आधी बघावं लागतं. लज्जत मराठीतही आलीच आहे, पण वर्गात ती उच्चारली तर मुलांना मिसळ आठवेल.

दरियाबादींचं 'फ़लसफ़ा-ए-जज़्बात' हे भावनांवरचं पुस्तक अंजुमन तरक्की-ए-उर्दूने काढलं. मौलवी अब्दुल हक सचिव झाल्यावर या अंजुमनचं कार्यालय औरंगाबादला आलं, आणि 1938 मध्ये दिल्लीला जाईपर्यंत ते इथेच होतं. पाणचक्कीच्या शहरात मानसशास्त्राची परिभाषा घडत होती, हे आमच्या किती मुलांना माहीत आहे? 1917 मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा सुरू झालं, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. तिथे एकेका शब्दावर समितीत खल चाले. वहीदुद्दीन सलीम यांनी तर शब्द कसे घडवावेत यावर 'वज़-ए-इस्तिलाहात' हे अख्खं पुस्तकच लिहिलं. सगळं अरबीतूनच का आणायचं, हिंदी उपसर्ग-प्रत्यय आपलेच आहेत की, असं ते म्हणत.

यात एक गोष्ट मात्र झाकू नये. त्या संस्थानात बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी, कन्नड होती. मराठवाड्यातला मराठी मुलगा उस्मानियात गेला की त्याची गत माझ्या या विद्यार्थिनीसारखीच होत असणार, फक्त उलट बाजूने. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी झालं, आणि ती सगळी मेहनत कपाटात गेली.

आम्ही दोघींनी मग सलीमसाहेबांची वाट धरली. वहीत मफ़रूज़ा खोडला, गृहीतक खोडलं, आणि लिहिलं: 'तपासायची अटकळ'. तिने प्रश्नावली नव्याने केली. 'मोबाइलमुळे तुमची झोप बिघडते ना?' याच्या जागी आता 'काल किती वाजता झोपलात?' असा प्रश्न आला. पंधरा दिवसांनी फोन आला, "आपा, अटकळ चुकली!" आवाजात रडू नव्हतं.

परीक्षेत मात्र गृहीतकच लिही, असं मी तिला बजावलं.