यिडिश शिकताना

यिडिश शिकायला जाते म्हटल्यावर आपल्या बॅचमधल्या बहुतेकांनी विचारले, "म्हणजे हिब्रू ना?" नाही. लिपी हिब्रूच; पण भाषेचा पाया जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्द मिसळलेले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींच्या घरात मराठी. यिडिश पूर्व युरोपातल्या ज्यूंची.

न्यूयॉर्कच्या 'यिवो' संस्थेचा हा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग १९६८ पासूनचा. सकाळी व्याकरण, दुपारी संभाषण. मला मात्र संस्थेच्या इतिहासानेच धरून ठेवले. ती १९२५ साली विल्नात, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमध्ये निघाली. नाझींनी शहर घेतल्यावर तिथली ग्रंथसंपदा निवडायला घेटोतल्याच ज्यूंना जुंपले. निवडक ग्रंथ जर्मनीला, बाकीचे लगद्यासाठी कागद कारखान्यात. कवी आब्राहम सुत्स्केव्हर आणि त्यांचे सोबती पुस्तके, हस्तलिखिते कपड्यांखाली दडवून घेटोत आणत. सापडले तर मरणच. इतर मजूर लपवून खायचे जिन्नस आणत असताना हे कागद आणतात, म्हणून शेजारी त्यांना वेडे समजत. या सोबत्यांपैकी बहुतेक मारले गेले. लपवलेल्या कागदांपैकी काही युद्धानंतर न्यूयॉर्कला, 'यिवो'च्या संग्रहात पोचले.