अवतरणत्याग, विमानाचा
धावपट्टीवर उतरू लागलेल्या विमानाने अवतरण सोडून पुन्हा वर चढणे, या क्रियेस अवतरणत्याग म्हणतात. व्यवहारात तीस ‘गो-अराउंड’ ही संज्ञा रूढ आहे. धावपट्टीवर अडथळा असल्यास, दृश्यता अपुरी असल्यास अथवा विमानाची उंची वा वेग प्रमाणाबाहेर असल्यास हा मार्ग अवलंबितात. वेळीच केलेला त्याग ही नित्याची व सुरक्षित क्रिया होय. विलंबाने मात्र तिचा धोका झपाट्याने वाढतो. झोत एंजिनास मंद गतीवरून पूर्ण रेटा निर्माण करण्यास काही सेकंद लागतात. शिवाय चाके टेकल्यावर पंखांवरील उत्थापननाशक पट्ट उघडतात व उलट रेटा वापरला जातो. म्हणून उलट रेटा सुरू केल्यानंतर विमान थांबवावयाचेच, असा नियम आहे.

या नियमामागे कटू अनुभव आहेत. ५ जुलै १९७० रोजी टोराँटो येथे एअर कॅनडाच्या डीसी-८ विमानाचे उत्थापननाशक पट्ट सु. १८ मी. उंचीवरच उघडले गेले. विमान आदळून एक एंजिन निखळले. ते पुन्हा वर नेण्यात आले, परंतु स्फोट होऊन सर्व १०९ जण मरण पावले. ११ फेब्रुवारी १९७८ रोजी कॅनडातील क्रॅनब्रुक येथे धावपट्टीवर बर्फ काढणारे वाहन असल्याने उतरलेले बोइंग ७३७ पुन्हा उडविण्यात आले. डाव्या एंजिनाची उलट रेटा यंत्रणा पूर्णपणे मिटली नव्हती; ती हवेत उघडून विमान कोसळले व ४९ पैकी चाळीसहून अधिक व्यक्ती दगावल्या.

भारतात २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान अतिउंचीवरून व अतिवेगाने आले. सहवैमानिकाने अवतरणत्याग सुचविला होता. तो मानला गेला नाही. सु. २,४५० मी. धावपट्टीपैकी सु. १,६०० मी. मागे पडल्यावर चाके टेकली. उलट रेटा सुरू केल्यानंतर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला आणि विमान दरीत कोसळून १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबई येथे चाके टेकल्यामुळे अवतरणत्यागाची स्वयंचलित कळ निष्प्रभ झाली व एंजिने मंदच राहिली. विमानातील सर्व ३०० जण वाचले. एक अग्निशामक मात्र मरण पावला.

यंत्रदोषापेक्षा निर्णयातील दिरंगाई हेच मुख्य कारण ठरते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या २०१७ मधील अहवालानुसार अस्थिर अवतरणांपैकी सु. ३ टक्क्यांतच त्याग केला जातो. यास्तव दोहोंपैकी कोणाही वैमानिकाने सूचना देताच ती पाळावी व त्यागाबद्दल कोणासही दोष देऊ नये, असे धोरण अनेक विमान कंपन्यांनी स्वीकारले आहे.