गावभेट, संगमेश्वर तालुक्यातील

मुंबईस नोकरीनिमित्त राहणारे संगमेश्वर तालुक्यातील (जि. रत्नागिरी) ‘चाकरमानी’ शिमग्यास व मे महिन्यात सहकुटुंब गावी येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, तसतशी ही प्रथा रूढ झाली. पूर्वी आगबोटीने बंदरापर्यंत व पुढे पायी वा बैलगाडीने प्रवास करावा लागे; एस.टी. व कोकण रेल्वे (१९९८) यांमुळे तो सुकर झाला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मे महिन्यात लग्नकार्ये होतात, आंबे-फणस उतरविले जातात व पावसापूर्वी घरे शाकारली जातात. सामाईक जमीन व मानपान यांविषयीचे तंटेही भावकीच्या बैठकीत याच वेळी निघतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबांचा मुंबईतील आधार तुटला. गावभेट मात्र खंडित झाली नाही. एरवी बंद असलेली कित्येक घरे आजही याच निमित्ताने उघडतात.